दाढ, हप्ते आणि नऊशे रुपये

मागच्या श्रावणातली गोष्ट आहे, २०२५ ची. कानबाईच्या (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) आदल्या रात्री दीड वाजता मी ओट्याला टेकून खाली बसले होते, गालाला ओला पंचा लावून. बाजूला परातीत रोटांचं पीठ झाकून ठेवलेलं, डाळ भिजत घातलेली, सगळं घर झोपलेलं. उजवीकडची खालची दाढ. दिवसभर ठणकत होती ते मी कामाच्या नादात काढलं, पण आडवं झालं की अशी कळ उठायची की कानातून थेट कपाळात. (नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाढेच्या आतल्या सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते, म्हणून रात्रीच जास्त दुखतं.) म्हणून मी बसून राहिले आणि बसल्या बसल्या काय केलं तर हिशोबाची वही काढली.

आमच्याकडे एक लांबट वही आहे, किराणा दुकानात असते ना तशी. पुढून घरखर्च आणि मागून देणी. मागच्या पानावर तेव्हा हे होतं: मिस्टरांच्या छोट्या हत्तीचा हप्ता ९,८५० दर महिन्याच्या ५ तारखेला, एकूण ४८ पैकी २२ बाकी. सासऱ्यांच्या आजारपणात माझी पोत आणि दोन बांगड्या ठेवून घेतलेलं ६०,००० चं सोनं तारण, त्याचं महिन्याचं व्याजच सहाशे. बचत गटाचे १,८००. आणि माझ्या दादाकडून हातउसने घेतलेले, त्याचे महिन्याला २,०००. म्हणजे १४,२५०. मी अमळनेरात एका खाजगी शाळेत ऑफिसला आहे, पगार साडेनऊ हजार. मिस्टरांची गाडी कापसाच्या आणि लग्नाच्या सीझनला चांगली चालते पण जुलै-ऑगस्टमध्ये डिझेल जाऊन दहा-अकरा हजार हातात राहिले तरी खूप. आता तुम्हीच बेरीज करा आणि त्यातून पाच जणांचं घर चालवून दाखवा. त्या पानावर दाढेला कुठे जागाच नव्हती.

आणि खरं सांगायचं तर ती दाढ अचानक दुखली असं नव्हतंच. लोकांना मी अचानक खर्च आला असं सांगितलं पण ते अर्धंच खरं आहे. २०२४ च्या दिवाळीपासून थंड पाणी लागायचं. जानेवारीत लेकीच्या दुधाच्या दाताला दाखवायला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी सहज माझ्याही तोंडात पाहिलं आणि म्हणाले ताई, ही कीड अजून वरवर आहे, सिमेंट भरून घ्या, नऊशे रुपयांत काम होईल. मी म्हटलं पुढच्या महिन्यात येते. मग फेब्रुवारीत गाडीचे टायर, मार्चमध्ये नणंदेकडचं लग्न, एप्रिलमध्ये अखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लेकीची पुस्तकं... प्रत्येक महिन्यात नऊशे रुपये होते हो, नव्हते असं नाही, पण दर वेळेस असं वाटायचं की दुखत तर नाहीये, मग देणं असताना आपल्या दातावर कशाला खर्च करायचा. कर्ज असलं ना की माणूस स्वतःवर केलेला खर्च म्हणजे चोरी समजायला लागतो, विशेषतः बाई. नवीन चप्पल घेतली तरी कुणी बघेल का असं वाटतं. दात तर काय, तोंड बंद केलं की दिसतच नाही.

त्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांना अंधारात मी दिसले. आमच्या घरात त्या अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "काय व्हयनं व? दात दुखस का?" मी मान हलवली. मग थोडं थांबून म्हणाल्या, "इतला दिन कसाले दपाडं व माय?" एवढे दिवस का लपवलंस. त्यांनी हे रागाने विचारलं नव्हतं, म्हणूनच मला रडू आलं.

त्यांनी लवंग दिली दाबून धरायला. लवंगेने थोडा वेळ बधिर होतं हे खरं आहे, आणि पुढे दाढेत जे टेम्पररी सिमेंट भरलं त्यालाही लवंगेचाच वास होता, डॉक्टर म्हणाले त्यात लवंगेच्या तेलातलंच औषध असतं. पण लवंगेने किडलेलं बरं होत नाही. आणि एक, कुणी दुखणाऱ्या दातापाशी गोळी चुरून ठेवायला सांगितली तर ठेवू नका. शेजारच्या एकीचं ऐकून मी हे केलं होतं, हिरडी आतून पांढरी पडून सोलली, ते दुखणं वेगळं. मिसरीचंही तेच. आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना मिसरीने दात शेकल्यासारखे वाटतात पण ती भाजलेली तंबाखूच आहे शेवटी. सासूबाईंच्या तोंडात आज कवळी आहे ती त्यामुळेच, हे त्या स्वतः सांगतात.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली, सगळी भाऊबंदकी घरी. रोटाचा घास मी डाव्या बाजूने गिळला कसातरी. कानबाईला नैवेद्य दाखवताना मी दाढेसाठीच मागितलं हे खरं आहे. सोमवारी विसर्जन झालं आणि मंगळवारी मी दवाखान्यात गेले.

पहिल्यांदा गेले त्या ठिकाणाबद्दल थोडं लिहिते, नाव नको. जानेवारीतले डॉक्टर त्या आठवड्यात बाहेरगावी होते म्हणून मैत्रिणीने सांगितलेल्या दुसरीकडे गेले. मोठा एसी दवाखाना. आधी खर्च काय येईल विचारलं तर रिसेप्शनची मुलगी म्हणाली सर बघून सांगतील. खुर्चीवर झोपवलं, तोंडात ती नळी, वर लाईट, आणि तशा अवस्थेत सर म्हणाले तीन दाढांचं काम आहे, एक रूट कॅनल, दोन फिलिंग, चांगल्यातली कॅप, सगळं मिळून १८,५००, आज सुरू करून टाकू, हप्त्यांची सोय आहे आमच्याकडे, आधार कार्ड आणलंय का. मी तोंड उघडं ठेवून काय बोलणार? हात वर केला, उठले, म्हटलं घरी विचारून सांगते. बाहेर आले तेव्हा पाय थरथरत होते. मला त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, कदाचित त्या दोन दाढाही किडलेल्याच होत्या (होत्याच, पुढे कळलं). पण कोणती दाढ आत्ताच करावी लागेल आणि कोणती सहा महिने थांबू शकते हे वेगळं करून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची असतात.

त्या रात्री दुसरी चूक होता होता राहिली. कळ उठली, मोबाईल हातात होता, आणि एका ॲपवर दहा हजार पाच मिनिटांत असं दिसलं. मी माहिती भरत भरत शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथे पाहिलं तर १,२०० प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी, म्हणजे हातात साडेआठ हजारांच्या आसपास येणार, आणि फेडायचे ३,७०० चे तीन हप्ते म्हणजे ११,१००. तीन महिन्यांत अडीच हजार वर. मी ऑफिसला हिशोब करते म्हणून मला ते आकडे टोचले, नाहीतर कळ उठलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कर्ज देणाऱ्याने सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा व्याजदर सहीच्या आधी एका कागदावर दाखवायला पाहिजे आणि मागे कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी आहे तिचं नाव सांगायला पाहिजे. ज्या ॲपवर ते दिसत नाही तिथून मागे फिरा, दात कितीही दुखत असला तरी. आमच्या शाळेतल्या एका मॅडमने असंच छोटं कर्ज घेतलं होतं, हप्ता चुकला तर तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेले, मुख्याध्यापकांपर्यंत. तिने नंतर नोकरीच सोडली.

गावातल्या व्याजाच्या पैशाचाही विचार मनात आला होता. पाच रुपये शेकडा. ऐकायला पाच रुपये वाटतात पण ते महिन्याचे असतात, वर्षाचे साठ टक्के झाले ते. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक ऑफिसला करता येते, पण आधी त्या दारात न जाणं हेच बरं.

गुरुवारी जुने डॉक्टर आले. ह्या वेळेस मी खुर्चीवर बसायच्या आधी, पर्स मांडीवर ठेवून, सरळ सांगितलं. सर, माझ्यावर चार ठिकाणचं देणं आहे, एकदम पैसे देऊ शकत नाही, आधी मला दुखणं थांबवायला कमीत कमी काय लागेल ते सांगा. हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते. तोंडातून निघेपर्यंत कान गरम झाले होते. डॉक्टर अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले रोज चार जण असेच येतात ताई, फक्त बोलत नाहीत, पहिल्या सिटिंगनंतर गायब होतात आणि वर्षाने सुजलेला गाल घेऊन येतात.

दोनशेचा एक्स-रे काढला आणि कॉम्प्युटरवर मला दाखवला. कीड दाताचं वरचं कडक आवरण आणि त्याखालचा थर पार करून नसेपर्यंत पोचली होती. जानेवारीत ती वरच्या थरात होती म्हणून नऊशेत भागत होतं, आता आतली नस काढावी लागणार. खालच्या दाढेला बहुतेक तीन नळ्या असतात, केसासारख्या बारीक, त्या सुईसारख्या फाईलने साफ करायच्या, औषध ठेवायचं आणि मग रबरासारखी गुलाबी काडी भरून बंद करायच्या. मी विचारलं नुसत्या अँटिबायोटिकने नाही का होणार. म्हणाले सूज तात्पुरती उतरेल, पण मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध तिथे पोचणार कसं, घाण तिथेच राहते आणि परत उठते. आणि दुखायचं एकदम थांबलं तर बरं झालं असं समजू नका, नस पूर्ण मेली असं समजा. हे मला माहीत नव्हतं. मी तर थांबलं की देवाचे आभार मानले असते.

मग पैशांचं. दाढ काढून टाकली तर ७००. रूट कॅनल ४,५००, वर कॅप, साधी धातूची २,२००, सिरॅमिकची ४,००० आणि त्याहून भारीची आठ हजार. सातशे आणि सात हजार. सासूबाई म्हणत होत्याच काढी टाक. मी दोन दिवस मागितले.

ह्यावर मला थोडं मोकळं लिहायचंय कारण ह्या ठिकाणी आपल्यासारखी माणसं अडकतात. दाढ काढली की खर्च संपत नाही, लांबतो. शेजारचे दात त्या खड्ड्याकडे कलतात, वरची दाढ खाली उतरायला लागते, त्या बाजूने चावणं बंद होतं. आणि पुढे दात बसवायचा म्हटलं की दोन्हीकडचे चांगले दात घासून तीन दातांचा ब्रिज, म्हणजे कॅपच्या तिप्पट, किंवा इम्प्लांट, त्याचा आकडा मी विचारला आणि परत विचारला नाही. माझं वय छत्तीस. अजून तीस वर्षं भाकरी चावायचीय, आणि आमच्याकडची कळण्याची भाकरी काही मऊ नसते. म्हणून मी वाचवायचं ठरवलं. पण ज्याच्याकडे खरंच सातशेच आहेत त्याने काढली तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. तोंडात पू घेऊन पैशांची वाट बघत राहणं सगळ्यात वाईट. गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना त्रास होत असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, मग हिशोब बघा.

आमच्याकडे ते पाच लाखांचं आरोग्य योजनेचं कार्ड आहे. मोठ्या आशेने चौकशी केली. आरोग्यमित्रांनी नीट समजावलं की ती योजना ॲडमिट होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे, साधं रूट कॅनल त्यात बसत नाही. साध्या मेडिक्लेममध्येही बहुतेक वेळा अपघात सोडला तर दाताचं ओपीडीचं काम धरत नाहीत. लाडकी बहीणचे १,५०० असते तर चार-पाच महिन्यांत निघालं असतं पण घरात चारचाकी आहे, माल वाहायची का असेना, म्हणून तो फॉर्मच भरला नव्हता. एक मात्र मला उशिरा कळलं. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि मोठ्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बऱ्याच ठिकाणी दाताचे डॉक्टर बसतात. रूट कॅनल सगळीकडे होत नाही पण दाढ काढणं, तपासणं, काही ठिकाणी सिमेंट भरणं होतं. जानेवारीत मी नुसतं विचारायला गेले असते तरी...

असो. त्या रात्री मी आणि मिस्टर वही घेऊन बसलो. ते म्हणाले गाडीचा सप्टेंबरचा हप्ता बाऊन्स होऊ दे, बघू पुढच्या महिन्यात. मी नाही म्हटलं. २०२४ मध्ये एकदा झाला होता, तेव्हा बँकेने ५९० कापले, फायनान्सवाल्यांनी ५९० लावले, वर उशिराचा दंड वेगळा, आणि सिबिलवर डाग. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून दंडावर परत व्याज लावायला बंदी केलीय हे बरं झालं, तरी ते बाराशे रुपये गेले ते गेलेच. गट थांबवता येत नाही कारण तिथे बाकी नऊ बायका माझ्यासारख्याच आहेत, माझा हप्ता आला नाही तर कुणाच्या तरी कर्जाचा नंबर पुढे जातो. सोन्याचं व्याज थांबवलं तर ते चढत जातं. मग राहिलं कोण? जो दंड लावत नाही, नोटीस पाठवत नाही, तो. दादा.

दादाला फोन करणं हे मला रूट कॅनलपेक्षा अवघड गेलं. खरंच सांगते. तो चोपडा तालुक्यात शेती करतो, कापूस आणि थोडी केळी. फोन लावला, पाऊस कसा आहे, बोंडं लागली का, वहिनी कशी आहे, सगळं विचारून झालं आणि मग म्हटलं, "दादा, दोन महिने तुझे पैसे थांबवू का रे? दाढेचं काम निघालंय." तो म्हणाला, "अगं येडी, दाढ दुखतेय आणि तू माझ्या पैशांचं घेऊन बसलीस? आधी जा." एवढंच. फोन ठेवल्यावर मी वहीत लिहिलं, ऑगस्ट आणि सप्टेंबर, दादा, थांबवले, ४,०००, आणि तारीख टाकली, कारण बिनव्याजी असलं तरी ते देणंच आहे. पुढे भाऊबीजेला गेले तेव्हा वहिनीच्या बोलण्यातून कळलं की माझे ते दोन हजार ते दोघं कापसाच्या खतासाठी धरून चालायचे, त्या महिन्यात त्यांनी दुकानातून खत उधारीवर उचललं. दुकानदार उधारीवर भाव चढा लावतो. म्हणजे माझ्या दाढेचं व्याज माझ्या भावाने भरलं आणि मला सांगितलंही नाही. बिनव्याजी पैसा असा नसतोच बहुतेक, कुणाच्या तरी घरात ते व्याज चाललेलं असतं. हे कळल्यापासून मी दादाचा हप्ता सोन्याच्या व्याजाच्याही आधी काढून ठेवते.

डॉक्टरांशी असं ठरलं की तीन सिटिंग, प्रत्येक वेळेस दीड हजार, आणि कॅप नंतर. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, मी मागितलं म्हणून. लिहून मागायला लाजू नका, त्यात अविश्वास नाही, दोघांचीही आठवण राहते. पहिल्या सिटिंगला बधिर करायचं इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं. त्या रात्री मी दहा वाजता झोपले ते सहाला उठले, किती आठवड्यांनी. सकाळी सासूबाई चहा करत होत्या, त्यांनी मला उठवलं नव्हतं.

कॅपसकट सगळ्या कामाचे पैसे असे जमले: दादाचे थांबवलेले चार हजार, आणि शिलाई. मी लग्नाआधी ब्लाऊज शिवायचे, मशीन पलंगाखाली पडून होतं. राखी आणि गौरी-गणपतीचा सीझन, गल्लीत सांगितलं, रात्री नऊ ते अकरा बसायचे, फॉल-पिको आणि साधे ब्लाऊज मिळून १,९०० आले. बाकीचे १,४३० घरखर्चातून ओढले. त्या दोन महिन्यांत शेवभाजी सुद्धा बाहेरून आली नाही आणि लेकीने ते फार समजूतदारपणे घेतलं, जे मला आवडलं पण नाही आणि बघवलं पण नाही. नऊ वर्षांच्या पोरीने देण्याचं वेळापत्रक पाठ करू नये.

कॅपला मी पाच आठवडे उशीर केला. डॉक्टरांनी बजावलं होतं की नस काढलेली दाढ कोरडी आणि ठिसूळ होते, कॅप नाही बसवली तर कधीही चिरते आणि मग रूट कॅनलचे पैसे पाण्यात. मी त्यांना विचारूनच थांबले, त्या बाजूने काही चावलं नाही, शेंगदाणा सुद्धा नाही. नवरात्रात धातूची कॅप बसवली, २,२०० वाली. मागची दाढ आहे, हसताना दिसत नाही, आणि चावायला ती पुरेशी मजबूत आहे असं त्यांनीच सांगितलं. आठ हजारवालीचा आग्रह नाही केला. सगळं मिळून एक्स-रे २००, रूट कॅनल ४,५००, गोळ्या-औषधं ४३०, कॅप २,२००. ७,३३०. वहीत मी ह्या बेरजेच्या शेजारी जानेवारीतले ९०० लिहून ठेवलेत, खोडत नाही.

आणि त्या बाकीच्या दोन किडलेल्या दाढा. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले वरवर आहेत, दिवाळीपर्यंत चालेल, पण दिवाळी म्हणजे दिवाळी. त्यांनीच सुचवलं की धुळ्याला डेंटल कॉलेजमध्ये जा, तिथे खर्च बराच कमी येतो. दिवाळीच्या सुट्टीत शनिवारी मी आणि लेक एसटीने गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, माझं अर्धं आणि लेकीचंही अर्धं, त्यामुळे जाण्यायेण्याचा फार भार पडला नाही. सकाळी लवकर जावं लागतं, केसपेपर काढायची रांग असते, मग तपासणी एका विभागात, एक्स-रे दुसऱ्या, काम तिसऱ्या. विद्यार्थी काम करतात पण प्रत्येक टप्प्यावर त्यांचे सर येऊन बघतात, त्यामुळे जे खाजगीत वीस मिनिटांत होतं त्याला तिथे दीड तास लागला. जी मुलगी माझी दाढ भरत होती ती तिसऱ्यांदा म्हणाली काकू दुखतंय का, मला सांगा हं, आणि तिचा स्वतःचाच हात ताणून भरून आला होता. दोन्ही दाढा झाल्या, पाचशेच्या आत. लेकीच्या दाढेला कीड लागू नये म्हणून खाचा भरून दिल्या. वेळ असेल आणि एक दिवसाची मजुरी बुडणार नसेल तर नक्की जा असं मी सगळ्यांना सांगते. ज्याची रोजी बुडते त्याला मात्र ते स्वस्त पडत नाही, हेही तितकंच खरं, कारण एका फेरीत काम होईलच असं नसतं.

आता वहीच्या मागच्या पानावर एक नवीन ओळ आहे. गाडी, सोनं, गट, दादा आणि खाली "तोंड", दोनशे रुपये. मिस्टरांनी पहिल्यांदा ती ओळ बघून काही म्हटलं नाही, नुसतं पेनाने अधोरेखित केलं. ते पैसे मी डाळीच्या डब्यात नाही ठेवत, पोस्टाच्या खात्यात टाकते, कारण डब्यातले पैसे डिझेलला जातात हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. जानेवारीपर्यंत सहाशे झाले. दादाचे अजून २७,००० बाकी आहेत. सोनं सोडवायला दोन वर्षं तरी लागतील.

काल जेवताना वांग्याचं भरीत आणि भाकरी होती, मी दोन्ही बाजूंनी चावत होते आणि समोर मिस्टर घास एकाच गालात फिरवत होते. मी बघत राहिले तर म्हणाले काही नाही गं, थंडीमुळे असेल. मी विचारलं किती दिवस झाले. ते गप्प. मग म्हणाले संक्रांतीपासून. मी उठून डॉक्टरांना फोन लावला, शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे, गाडीचं भाडं त्या दिवशी दुपारनंतरचंच घ्यायचं असं ठरलंय.